अम्मीच्या कपाटातला पॅलेस्टिनी कशिदा

अम्मीच्या कपाटात वरच्या फळीवर उशीचा एक जुना अभ्रा घडी घालून ठेवलेला असतो. त्यात मलमलीत गुंडाळलेला काळ्या कापडाचा एक तुकडा आहे. सव्वा वीत रुंद, दीड वीत लांब. त्यावर लाल दोऱ्याने फुलीच्या टाक्याचे भरतकाम आहे, मध्येच थोडा हिरवा आणि थोडा नारिंगी. काम इतके दाट की खालचे कापड जेमतेम दिसते. फक्त उजवीकडचा खालचा कोपरा रिकामा आहे. दरवर्षी पावसाळा सरला की अम्मी तो तुकडा बाहेर काढते, सावलीत पसरते, कडुनिंबाची जुनी पाने काढून नवी ठेवते आणि पुन्हा गुंडाळून वर ठेवून देते. लहानपणी आम्ही विचारायचो, हा पूर्ण का करत नाहीस? ती म्हणायची, "अमानत आहे ती. आपली नाही."

ही अमानत कुवेतची. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी मुसलमान घरांसारखे आमचे घरही आखाताच्या पैशावर उभे राहिले. अब्बा सत्तरच्या दशकात कुवेतला गेले, मागून अम्मी गेली, मी तिथेच शाळेत जाऊ लागले. आम्ही हवल्लीत राहत होतो. त्या काळी हवल्ली म्हणजे जवळजवळ पॅलेस्टिनींचीच वस्ती. १९९० पूर्वी कुवेतमध्ये सुमारे चार लाख पॅलेस्टिनी होते. शिक्षक, इंजिनिअर, कारकून, दुकानदार. माझ्या शाळेबाहेर सामोसे विकणारा मलबारी आणि फलाफल विकणारा पॅलेस्टिनी शेजारी शेजारी उभे असायचे.

आमच्या मजल्यावर समोरच्या घरात एक पॅलेस्टिनी कुटुंब होते. त्या घरच्या बाईला सगळे थोरल्या मुलाच्या नावाने, अमक्याची आई म्हणून हाक मारत. अरबांत तीच रीत. मी तिला खाला म्हणायचे. अम्मीला अरबी येत नव्हते, खालाला उर्दू येत नव्हते, आणि इंग्रजी दोघींचेही बाजारापुरतेच. तरी रोज दुपारी अस्रच्या आधी दोघी एकत्र बसत, कारण भरतकामाला भाषा फार लागत नाही. फुलीचा टाका म्हणजे मोजणी. तीन घरे भरायची, दोन सोडायची, परत तीन. एवढे आकडे अम्मी अरबीत शिकली: वाहिद, इथनीन, तलाता. आजही ती सुई हातात घेतली की अरबीतच मोजते. बाकी एक वाक्य तिला धड बोलता येत नाही.

अम्मी या कामात अगदीच नवखी नव्हती. माझी नानी गोधड्या शिवायची, जुन्या लुगड्यांच्या थरांवर धावदोऱ्याच्या चौकोनात चौकोन घालत. अम्मी शाळेत शिवणाच्या तासाला मॅटीच्या कापडावर फुल्या भरायला शिकली. गुलाबाचे टेबलक्लॉथ, मोराचे उशीचे अभ्रे, लग्नात बरोबर नेलेले. खालाने पहिल्यांदा अम्मीचा टेबलक्लॉथ हातात घेतला तेव्हा गुलाबाकडे पाहिलेही नाही म्हणे. तिने तो सरळ उलटा केला. मागच्या गाठी, ओढलेले दोरे, एका फुलावरून दुसऱ्यावर मारलेल्या उड्या बघितल्या आणि मान हलवली. अम्मीला राग आला नाही, उलट हसू आले, कारण नानी अगदी हेच करायची. गोधडी उलटून बघितल्याशिवाय नानीने कुठल्या सुनेचे कौतुक केल्याचे कोणाला आठवत नाही.

त्या काळ्या तुकड्याला 'कब्बा' म्हणतात. पॅलेस्टिनी खेड्यातल्या बायकांचा पायघोळ झगा म्हणजे थोब, आणि त्याच्या छातीवरचा भरलेला चौकोन म्हणजे कब्बा. तो बहुतेकदा वेगळा भरून नंतर झग्याला जोडतात. या सगळ्या कलेचे नाव तत्रीज, म्हणजे साध्या अरबीत 'भरतकाम'. हा शब्द 'तिराज' या जुन्या शब्दाच्या कुळातला. अब्बासी आणि फातिमी खलिफांच्या काळात तिराज म्हणजे राजवस्त्रावरची अक्षरांची पट्टी. त्यावर खलिफाचे नाव आणि दुआ विणलेली किंवा भरलेली असे, आणि ती तयार करायला सरकारी कारखाने असत. असे वस्त्र ज्याच्या अंगावर पडे त्याचा मान वाढे. शेकडो वर्षांनंतर त्याच मुळातल्या शब्दाने खेड्यातल्या अशा बायकांचे काम ओळखले जाऊ लागले, ज्यांना आपले नावही लिहिता येत नव्हते. त्यांच्या कामात कोणाचे नाव नसे. पण ते बघून बाई कुठल्या गावची हे कळत असे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९४८ पर्यंतचे पॅलेस्टाईन डोळ्यांसमोर आणा. रामल्लाच्या बाजूला पांढऱ्या लिननवर लाल दोऱ्याचे काम. दक्षिणेकडे निळीत रंगवलेल्या, जवळपास काळ्या दिसणाऱ्या कापडावर लाल. गाझाजवळच्या मजदल गावात हातमाग होते. तिथल्या एका कापडाला हिरव्या आणि लाल पट्ट्यांमुळे 'जन्नत व नार', स्वर्ग आणि नरक, असे नाव होते. बेथलेहेममध्ये तर फुलीचा टाका बाजूलाच. तिथे रेशमी आणि जरीची दोरी कापडावर वळवत मांडायची आणि बारीक टाक्यांनी बसवायची, ज्याला तहरीरी म्हणतात. हे काम बेथलेहेमच्या आणि शेजारच्या गावांतल्या ख्रिस्ती बायका करत, आणि आसपासच्या मुसलमान गावांतल्या नवऱ्या आपल्या लग्नाच्या झग्यासाठी ते कब्बे विकत घेत. नमुना गावाचा असे, धर्माचा नसे. आमच्याकडे आजकाल रंगालाही धर्म चिकटवायची घाई असते, म्हणून हे मुद्दाम नोंदवते.

नमुन्यांची नावे ऐकाल तर वाटेल स्वयंपाकघर आणि अंगण कापडावर उतरले आहे. सरूचे झाड. गाईचा डोळा. चणे-मनुके. म्हाताऱ्याचे दात. त्रिकोणाला हिजाब म्हणतात. इथे त्याचा अर्थ तावीज, दृष्ट लागू नये म्हणून. एक आहे पाशाचा तंबू, उस्मानी अंमलदारांच्या आठवणीचा. पोरगी सहा-सात वर्षांची झाली की आईजवळ बसायची. आधी सोपी पट्टी, मग कठीण. लग्नापर्यंत तिचा पेटारा भरायचा. छापील पुस्तक नाही, कागद नाही. आईच्या झग्यावरून घरे मोजायची आणि आपल्या कापडावर घालायची, आणि घालताना थोडे बदलायचे. एखादे फूल आवडले, जत्रेत दुसऱ्या गावची नवरी दिसली, की आणखी एक ओळ वाढली.

या बदलण्याबद्दल मला आधी काही कळले नव्हते, आणि त्यापायी मी एक मोठी चूक केली. ती सांगते.

अम्मीला खालाच्या गावाचे नाव अर्धेमुर्धे आठवत होते: "दजन, बेत दजन." तेवढ्यावरून मी शोधायला बसले. नकाशावर बेत दजन दोन निघाली. एक नाब्लुसजवळ, ते आजही आहे. दुसरे याफाजवळ, ते नाही. खाला अम्मीला संत्र्यांच्या बागांचे सांगायची आणि गाव आता उरले नाही असे हाताने पुसून दाखवायची. म्हणजे याफाचेच. १९४५ च्या आकडेवारीत या गावात सुमारे ३,८०० माणसे होती, बहुतेक मुसलमान, थोडे ख्रिस्ती. चांगली जमीन, संत्री, जवळ याफाचे बंदर आणि बाजार. पैसा असलेल्या गावातच रेशीम परवडते, त्यामुळे बेत दजनच्या बायकांचे भरतकाम त्या सगळ्या टापूत नावाजलेले होते. आसपासच्या गावांत कुठली फॅशन चालणार हे तिथल्या नवऱ्यांच्या झग्यांवरून ठरायचे. एप्रिल १९४८ मध्ये गाव रिकामे झाले. त्या एका वर्षात चारशेहून अधिक पॅलेस्टिनी गावे ओस पडली आणि सात लाखांवर माणसे बेघर झाली. खालाची आई त्यांच्यातली एक. खाला स्वतः जॉर्डनमध्ये वाढली. गाव तिने कधी पाहिलेच नव्हते. तिला ते आईच्या झग्यावरून माहीत.

मला वाटले, चला, आपल्या कपाटात बेत दजनचा अस्सल ठेवा आहे. संग्रहालयांच्या पुस्तकांतले १९४८ पूर्वीचे झगे काढून मी नमुने ताडून बघू लागले. बाजूंचे सरू जुळले. त्रिकोणी तावीजही जुळले. पण मध्ये मोठे गुलाब होते, पाकळ्या वळलेले, आणि ते खेड्यातल्या जुन्या कामात नीट कुठे बसेनात. एका कडेची पट्टी तर सरळ रामल्लाच्या बाजूची दिसत होती. दोरा रेशमाचा नव्हता, चमकदार सुताचा होता. आणि कापड हातमागाचे नाही, गिरणीचे. त्याचे धागे मोजता येत नाहीत, म्हणून वर जाळीचे कापड टाचून त्यावर फुल्या घालायच्या आणि काम संपल्यावर जाळीचे धागे एक एक करून ओढून काढायचे, ही पुढच्या काळातली रीत. आमच्या तुकड्याच्या रिकाम्या कोपऱ्यात ती जाळी अजून तशीच टाचलेली आहे.

मी खट्टू झाले. मला वाटले, हे तर सरमिसळ. बाजारू.

मग त्या गुलाबांचा माग काढला. फ्रान्समध्ये मुलूझ गावी १७४६ मध्ये सुरू झालेली डीएमसी ही कंपनी भरतकामाचे सुती दोरे जगभर विकायची आणि दोऱ्याबरोबर नमुन्यांच्या पुस्तिकाही. तेरेझ द दिल्मों या बाईने १८८६ मध्ये काढलेला तिचा सुईकामाचा कोश याच कंपनीच्या आश्रयाने घरोघर गेला. दोन महायुद्धांच्या दरम्यान हे दोरे आणि या पुस्तिका पॅलेस्टाईनच्या बाजारात पोचल्या. सीरियाच्या रेशमापेक्षा हा दोरा स्वस्त आणि रंगाला पक्का. पुस्तिकेतले गुलाब आणि पक्षी बायकांना आवडले आणि त्यांनी ते सरूच्या शेजारी बसवले. कोणी सक्ती केली नव्हती. आवडले, घेतले.

आणि मग मी अम्मीचा जुना टेबलक्लॉथ काढून कब्ब्याशेजारी ठेवला. तोच गुलाब. एका पाकळीच्या वळणाचा काय तो फरक. अम्मीची नमुन्यांची पुस्तिका कुठल्या कंपनीची होती हे तिला आठवत नाही, मुखपृष्ठ कधीच फाटले होते. पण युरोपातून निघालेली ती गुलाबाची जात एका वाटेने याफाकडे गेली आणि दुसऱ्या वाटेने कोकणातल्या मुलींच्या शाळेत शिवणाच्या तासाला आली. हवल्लीत एका दिवाणखान्यात दोन्ही वाटा भेटल्या, आणि दोघींपैकी एकीलाही त्याचा पत्ता नव्हता.

त्यानंतर मी त्या तुकड्याला सरमिसळ म्हणणे सोडले. १९४८ नंतर जॉर्डन, लेबनॉन आणि गाझाच्या छावण्यांत बेत दजनची बाई रामल्लाकडच्या बाईच्या शेजारी पाण्याच्या रांगेत उभी राहिली. तोवर ज्या गावांच्या बायका लग्नाशिवाय एकमेकींना भेटत नव्हत्या, त्यांचे झगे आता एकाच दोरीवर वाळत होते. नमुने मिसळणारच. ज्या बाईला जुना झगा विकून पीठ आणावे लागले, तिने आठवेल तेवढे आठवून गिरणीच्या कापडावर नवे काम केले. साठच्या दशकात तयार झालेल्या नव्या थोबवर गावाची खूण कमी आणि 'आम्ही पॅलेस्टिनी' ही खूण जास्त दिसू लागते, ती अशी. खालाच्या कब्ब्यात तिच्या आईचे गाव आहे, छावणीतली शेजारीण आहे आणि फ्रेंच दुकानदारही आहे. एवढा नेमका कागद मला दुसरा कुठे मिळाला असता?

याच छावण्यांत भरतकाम पोटाचे साधन झाले. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने १९५० मध्ये गाझात सुलाफा नावाचे भरतकाम केंद्र सुरू केले. अल-बीरेह गावात समीहा खलील यांनी १९६५ मध्ये इनआश अल-उस्रा ही संस्था काढली. विधवा आणि गरजू बायकांना काम, वर जुन्या पोशाखांचे जतन. याच समीहा खलील १९९६ मध्ये यासिर अराफात यांच्याविरुद्ध अध्यक्षपदाची निवडणूक लढल्या, आणि त्या निवडणुकीत अराफात यांच्यासमोर दुसरे कोणीच नव्हते. सुईदोरा घेऊन बसणाऱ्या बायांना गरीब बिचाऱ्या समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. बैरूतमध्ये १९६९ पासून इनआश नावाचीच दुसरी संस्था लेबनॉनच्या छावण्यांतल्या बायकांना काम देते आहे. या कामाची दुसरी बाजूही आहे. जी बाई स्वतःच्या अंगासाठी भरत होती ती आता परक्याच्या सोफ्यावरच्या उशीसाठी भरू लागली, आणि रंग गिऱ्हाईक ठरवू लागले.

१९६७ नंतर व्याप्त भागात पॅलेस्टिनी झेंडा फडकवायला बंदी होती, ती थेट १९९३ पर्यंत. १९८७ मध्ये पहिला इंतिफादा सुरू झाला तेव्हा बायकांनी झेंड्याचे चार रंग, नकाशा आणि कुब्बतुस्सखरा थोबवर भरले. झेंडा हिसकावून घेता येतो, बाईच्या अंगावरचा झगा भर रस्त्यात उतरवायचा कसा? हे झगे आता संग्रहालयांत मानाने टांगलेले आहेत, आणि ते योग्यच आहे. पण अलीकडे पॅलेस्टिनी बाईच्या प्रत्येक टाक्याला प्रतिकार म्हणायची जी पद्धत पडली आहे, ती मला तितकी पटत नाही. खाला दुपारी तीन वाजता चहाचा ग्लास बाजूला ठेवून सुई हातात घ्यायची, तेव्हा तिच्या डोक्यात इस्राएल नसायचे. तो गुलाब नीट वळावा एवढेच असायचे. चुकला तर ती ओठ चावायची आणि उसवायची. तिला ते काम मनापासून आवडायचे. चार पिढ्या एखादी गोष्ट नुसत्या रागावर टिकत नाही.

२ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. मी नऊ वर्षांची होते. त्या आठवड्यात कब्बा आमच्या घरी होता, कारण अम्मीने वरच्या पट्टीचा नमुना उतरवून घ्यायला तो मागून आणला होता. खाला तो मुलीच्या लग्नाच्या थोबसाठी भरत होती. पुढचे काही आठवडे दुकाने बंद, पगार बंद, बँका बंद. सप्टेंबरमध्ये आमचा नंबर लागला. इराकमधून बसने जॉर्डनची सीमा, वाळवंटातले तंबू, मग अम्मान आणि तिथून एअर इंडियाचे विमान. त्या वाटेने लाखाहून अधिक भारतीय मायदेशी आले. निघायच्या पहाटे अम्मी कब्बा परत द्यायला गेली तर खालाने तो घेतला नाही. जिन्यावर सैनिकांची ये-जा होती, घराघरांत शिरणे चालू होते. ती म्हणाली तुझ्याकडेच ठेव, परत येशील तेव्हा आण. अम्मीला एवढेच कळले. बाकी काय बोलली ते कळले नाही, असे अम्मी अजून हळहळून सांगते. आकड्यांपलीकडचे शब्द शिकायला हवे होते म्हणते.

कुवेत सुटल्यावर तिथल्या पॅलेस्टिनींवर गद्दारीचा शिक्का बसला, कारण त्यांच्या नेतृत्वाने सद्दामची बाजू घेतली होती. हवल्लीत टाइपरायटरवर बोटे झिजवणाऱ्यांचा त्यात काय संबंध, हे कोणी विचारले नाही. चार लाखांतले थोडेच उरले. बहुतेकांना जॉर्डनला जावे लागले. खालाच्या आईने १९४८ मध्ये गाव सोडले, तिने १९९१ मध्ये शहर. १९९२ मध्ये अब्बा परत कामावर गेले तेव्हा समोरच्या घरात वेगळेच लोक राहत होते. इमारतीच्या चौकीदाराने एवढेच सांगितले: अम्मान.

अम्मानमध्ये आता 'तिराज' नावाचेच एक केंद्र आहे, २०१५ पासून. बेथलेहेममध्ये वाढलेल्या विदाद कव्वार यांनी आयुष्यभर जमवलेले थोब तिथे ठेवले आहेत. त्यांनी झग्याबरोबर तो घालणाऱ्या बाईची हकीकतही जमवली, हे मला फार मोलाचे वाटते. डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने पॅलेस्टिनी भरतकामाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. २०१९ मध्ये रशीदा तलैब यांनी अमेरिकी संसदेत आपल्या आईचा थोब घालून शपथ घेतली, तेव्हा जगभरच्या पॅलेस्टिनी बायकांनी आपापल्या झग्यांचे फोटो टाकले. ते फोटो मी रात्रभर बघत होते. गुलाब शोधत होते. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये रफाहचे संग्रहालय बॉम्बहल्ल्यात पडले, त्याच्या ढिगाऱ्यातूनही थोब उपसून काढले गेले. ते वाचले त्या दिवशी अम्मीने काही न बोलता स्टूल ओढले, अभ्रा खाली काढला, कब्बा आहे ना बघितले आणि परत ठेवला.

गेल्या रमजानमध्ये माझ्या मुलीने हट्ट धरला की कोपरा पूर्ण करू या. अम्मी ऐकेना. शेवटी तडजोड निघाली: अमानतीला हात लावायचा नाही, मॅटीच्या कापडावर दुसरा कब्बा करायचा. तरावीह झाल्यावर दोघी बसायच्या. अम्मी चष्मा लावून मूळ तुकडा उलटा धरायची, कारण मागून घरे जास्त स्वच्छ मोजता येतात, आणि अरबीत आकडे सांगायची. मुलगी ग्राफ पेपरवर फुल्या मारायची. ईदपर्यंत तीन कोपरे उतरले. चौथा सोपा वाटला होता, डाव्या बाजूचे उजवीकडे आरशासारखे घ्यायचे. पण डावीकडचे सरू मोजले तर वरच्या आणि खालच्या झाडात दोन फांद्यांचा फरक निघाला. चूक असावी म्हणावे तर खाला चूक ठेवणाऱ्यांतली नव्हती. मुद्दाम केले असेल तर उजवीकडे ती काय करणार होती, कोण सांगणार. मुलीने ग्राफ पेपरच्या त्या कोपऱ्यात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.